बल्क ड्रग प्लांटच्या ईएचएस विभागात पहिले तीन महिने

कंपनीच्या गेटवर एक फलक असतो: ‘शेवटच्या अपघातानंतरचे दिवस’, आणि पुढे आकडा. मी पहिल्यांदा नोकरीला लागलो तेव्हा तो आकडा नऊशेच्या घरात होता, आणि मी घरी जाऊन तो कौतुकानं सांगितला होता. महिनाभरात उमगलं की फलकावर फक्त कायम कामगारांचे अपघात चढतात. शिवाय बोटाला टाके पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘हलक्या कामावर’ हजर दाखवला की आकडा बिनबोभाट पुढे सरकतो. तेव्हापासून कुठल्याही प्लांटमध्ये गेलो की मी आधी फलकाकडे पाठ करून आत जातो.

हा लेख लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ अशा एमआयडीसीतल्या बल्क ड्रग कारखान्यात, म्हणजे औषधाचा मूळ रेणू जिथे रिअ‍ॅक्टरमध्ये बनतो तिथे, पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा (ईएचएस) विभागात नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी आहे. गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या प्लांटचे प्रश्न बरेचसे वेगळे असतात. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली ‘ई-फॅक्टर’ नावाचं माप मांडलं. एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो, हे ते माप सांगतं. तेलशुद्धीकरणात ते ०.१ च्या आसपास येतं. औषधनिर्मितीत २५ ते १००, कधी त्याहूनही जास्त. एक किलो पावडर डिस्पॅचला जाते. तुमची नोकरी उरलेल्या २५ ते १०० किलोंची आहे.

पहिले दोन दिवस: कन्सेंट वाचा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, बोलीभाषेत ‘कन्सेंट’, मागून घ्या आणि झेरॉक्स काढून स्वतःजवळ ठेवा. कुठली उत्पादनं, महिन्याला किती टन, रोज किती पाणी घ्यायचं, किती सोडायचं, सांडपाण्याच्या मर्यादा काय, चिमण्या किती आणि घातक कचरा कुठल्या प्रकारचा, हे सगळं त्यात असतं. औषध उद्योगाचा कचरा घातक कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत २८ क्रमांकाखाली येतो: प्रोसेसचा गाळ २८.१, वापरलेला कॅटॅलिस्ट २८.२, कार्बन २८.३, वापरलेला सॉल्व्हंट २८.६. हे आकडे पाठ होऊन जातात, मुद्दाम पाठ करू नका.

मग प्रॉडक्शनच्या माणसाबरोबर चहा घेताना विचारा, या महिन्यात काय काय चाललंय. त्याच्या यादीतलं एखादं उत्पादन कन्सेंटमध्ये नसेल तर साहेबांना त्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी नको.

दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा: घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण (फॉर्म ४) ३० जून, पर्यावरण विवरणपत्र (फॉर्म ५) ३० सप्टेंबर.

पहिला आठवडा: पाण्यामागे चाला

ड्रेनेजचा नकाशा घ्या आणि पायी निघा. प्लांटमध्ये तीन वाटा वेगळ्या असायला हव्यात: प्रोसेसचं सांडपाणी, संडास-कँटीनचं पाणी आणि पावसाचं पाणी. नकाशावर त्या तीन रंगांत सुंदर दिसतात. जमिनीवर मात्र कुणीतरी दहा वर्षांपूर्वी पंप धुण्यासाठी एक पाइप जोडलेला असतो आणि तो थेट पावसाच्या गटारात गेलेला असतो. झाकणं उचलायला लावा. कोरड्या दिवसांत पावसाच्या गटारात पाणी वाहताना दिसलं, तर ते कुठून आलं याचा शोध लागेपर्यंत दुसरं काम हातात घेऊ नका.

कोकणात पाऊस हाच अर्धा विषय आहे. टँक फार्मभोवतीची बंधाऱ्यासारखी भिंत म्हणजे डाइक. सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव तिच्यात मावला पाहिजे, हा सर्वसाधारण नियम. या डाइकला पावसाचं पाणी काढायला खाली व्हॉल्व्ह असतो. तो कायम बंद पाहिजे. पाणी साचलं की पीएच बघायचा, वरती तेलकट थर किंवा वास आहे का ते बघायचं, आणि मगच माणसानं उभं राहून तो उघडायचा व बंद करायचा. प्रत्यक्षात जूनमध्ये वैतागून उघडलेला व्हॉल्व्ह दिवाळीपर्यंत तसाच असतो. एका ठिकाणी मी व्हॉल्व्हच्या हँडलवर वेल चढलेला पाहिला आहे. त्या चार महिन्यांत टाकी फुटली असती तर डाइकची भिंत नुसती शोभेची होती. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात करता येईल असं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे त्या व्हॉल्व्हला कुलूप लावून किल्ली शिफ्ट इनचार्जकडे देणं.

दुसरा-तिसरा आठवडा: ईटीपीवर बसा

ईटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांट. तिथल्या ऑपरेटरला काका किंवा मामा म्हणत असतील तर तुम्हीही तेच म्हणा आणि त्यांच्याकडून शिका. मूळ तत्त्व सोपं आहे. ज्या पाण्यात मीठ आणि सॉल्व्हंट जास्त आहे ते वेगळं ठेवायचं: आधी स्ट्रिपरमध्ये सॉल्व्हंट उडवायचा, मग एमईईमध्ये पाणी आटवायचं, शेवटी एटीएफडीमध्ये मीठ कोरडं करायचं. कमी भाराचं पाणी जिवाणूंच्या टाकीत जातं. हे दोन प्रवाह एकत्र झाले की जिवाणू मरतात आणि टाकी परत उभी राहायला आठवडे लागतात.

जिवाणूंची टाकी डोळ्यांनी आणि नाकानं वाचता येते. गाळ तपकिरी हवा, आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. काळा रंग आणि सडका वास आला तर हवा कमी पडते आहे; विरघळलेला ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. पांढरा फेस चढायला लागला तर प्रॉडक्शनला विचारा, काल रात्री काय सोडलं. रोज सकाळी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये पाणी भरून अर्धा तास ठेवायचं आणि गाळ कितीवर बसतो ते लिहायचं. या फुकटच्या चाचणीनं मला प्रयोगशाळेच्या रिपोर्टआधी दोन दिवस इशारा दिलेला आहे; बीओडीचा, म्हणजे घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा, रिपोर्ट नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवल्याशिवाय येतच नाही.

एक हिशेब करून पाहा म्हणजे ‘थोडंसं सांडलं’ या शब्दांचा अर्थ लागेल. २०० लिटरच्या ड्रममध्ये सुमारे १५८ किलो मिथेनॉल असतं. एक किलो मिथेनॉल जाळायला दीड किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे त्या एका ड्रमचा सीओडी (घाण रासायनिक रीतीनं जाळायला लागणारा ऑक्सिजन) २३७ किलो. सीओडीची नेहमीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. त्या मर्यादेत यायला त्या ड्रमला जवळपास साडेनऊशे घनमीटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे ९५ टँकर. (पातळ करून सोडणं हा उपाय नाहीच, फक्त प्रमाण कळावं म्हणून सांगितलं.) हा हिशेब मी प्रॉडक्शनच्या नव्या केमिस्टना फळ्यावर करून दाखवायचो. व्याख्यानानं जे होत नाही ते ९५ टँकर ऐकून होतं.

बाहेर जाणाऱ्या पाण्यावर ऑनलाइन मीटर असतो आणि त्याचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. त्याचा आलेख रोज बघा. खऱ्या सांडपाण्याचा आलेख वरखाली हलतो. तो पट्टीनं आखल्यासारखा सरळ दिसला तर खाली जाऊन प्रोब नक्की कशात बुडवलाय ते स्वतः पाहा. बाकी सांगत नाही.

अँटिबायोटिक बनवणाऱ्या प्लांटमध्ये असाल तर आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२० मधल्या मसुद्यात केंद्र सरकारनं सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकच्या अंशांवर मर्यादा सुचवल्या होत्या; ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. माझं मत विचाराल तर कायद्याची वाट न बघता मदर लिकर (माल गाळून काढल्यावर उरलेला द्रव) आणि पहिल्या धुण्याचं पाणी वेगळं काढून त्यातलं औषध निकामी करावं. सीओडी मर्यादेत आला म्हणून त्या पाण्यातल्या जिवाणूंना औषधाची सवय लागायची थांबत नाही.

पहिला महिना संपताना: सॉल्व्हंटचा जमाखर्च

हे काम कुणी सांगणार नाही, तरी करा. एकच सॉल्व्हंट घ्या, समजा टोल्यूइन. स्टोअरमधून आकडा घ्या: या महिन्यात ५० टन नवीन आलं, शिल्लक तेवढीच राहिली. म्हणजे ५० टन कुठेतरी गेलं. वापरलेला सॉल्व्हंट म्हणून अधिकृत रिसायकलरकडे २० टन, डिस्टिलेशनच्या तळाच्या गाळात १२ टन, सांडपाण्यात अंदाजे ६ टन. बेरीज ३८. उरलेले १२ टन हवेत गेले. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण गणिताची रीत हीच. रिकव्हरीत परत आलेला सॉल्व्हंट यात धरायचा नाही. तो घरातल्या घरात फिरतो.

तो हवेत गेलेला भाग शोधायला निघालात की प्लांट खऱ्या अर्थानं कळतो. सेंट्रीफ्यूजचं झाकण उघडून ओला केक काढताना, ड्रम उघडे ठेवल्यानं, उन्हाळ्यात कंडेन्सरला ब्राइन (थंडाव्यासाठी फिरवलेलं खारं पाणी) पुरेसं गार मिळत नाही म्हणून, व्हॅक्यूम पंपाच्या तोंडातून. यातली प्रत्येक जागा पर्यावरणाची आहे तशी आगीचीही आहे, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांचीही. वित्त विभागालाही हा कागद दाखवा. चांगल्या कंडेन्सरची मागणी मी तीन वर्षं सुरक्षेच्या नावानं करत होतो. हवेत उडालेल्या सॉल्व्हंटची किंमत रुपयांत लिहिली त्या महिन्यात ती मंजूर झाली.

दुसरा महिना: रिअ‍ॅक्टरजवळ

इथे घाई करू नका. प्रत्येक मोठ्या रिअ‍ॅक्शनबद्दल तीन प्रश्न विचारायला शिका: उष्णता किती निघते, थंडावा बंद पडला तर तापमान कुठवर चढेल, आणि त्या तापमानाला आतला माल स्वतःच कुजायला, म्हणजे विघटित व्हायला, सुरुवात होते का? उत्तरं आर अँड डीच्या कॅलरीमीटरच्या (उष्णता मोजणाऱ्या उपकरणाच्या) अहवालात असायला हवीत. ‘लॅबमध्ये काही झालं नव्हतं’ हे उत्तर धरू नका. काचेच्या चंबूचं पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या मानानं मोठं असतं, म्हणून तो आपोआप गार होतो. पाच हजार लिटरचा रिअ‍ॅक्टर होत नाही.

नव्या माणसाचा एक ठाम गैरसमज असतो: थंड ठेवलं म्हणजे सुरक्षित. समजा बॅच शीटमध्ये लिहिलंय की ४० ते ४५ अंशांवर थेंब-थेंब अॅडिशन करा. ऑपरेटर घाबरून २५ अंशांवरच करतो. तापमान वाढत नाही, सगळे खूश. प्रत्यक्षात रिअ‍ॅक्शन सुरूच झालेली नसते, घातलेला माल आत साठत जातो. मग कुणीतरी जॅकेटला वाफ देतं आणि चार तासांत निघायची उष्णता दहा मिनिटांत निघते. स्टिरर, म्हणजे आतलं ढवळणारं यंत्र, बंद पडला आणि तो लक्षात आल्यावर कुणी घाईघाईनं परत चालू केला, तरी हेच घडतं. म्हणून अॅडिशनच्या व्हॉल्व्हला स्टिररशी आणि तापमानाच्या खालच्या मर्यादेशीही इंटरलॉक हवा, म्हणजे स्टिरर थांबला किंवा तापमान उतरलं की व्हॉल्व्ह आपोआप बंद. इंटरलॉक आहे असं सांगितलं तर विचारा, शेवटचा कधी तपासला आणि या क्षणी बायपासमध्ये तर नाही ना.

काही जोड्या कधीच एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. सोडियम अझाइड आणि डायक्लोरोमिथेन: स्फोटक बनतं. सोडियम हायड्राइड आणि डीएमएफ हा सॉल्व्हंट: तापत जाऊन हाताबाहेर जातं. हायपोक्लोराइट आणि अॅसिड: क्लोरीन, हे स्क्रबरच्या (वायू धुऊन काढणाऱ्या यंत्राच्या) टाकीत आणि ईटीपीवर चुकीचा ड्रम ओतल्यानं घडतं. सल्फाइडचं पाणी आणि अॅसिड: हायड्रोजन सल्फाइड. याचा कुजक्या अंड्यांसारखा वास थोडा असतानाच येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला.

सॉल्व्हंट आणि स्थिर विद्युत यांचं नातं जीवघेणं आहे. टोल्यूइनची वाफ पेटायला ०.२४ मिलिज्यूलच्या आसपास ठिणगी पुरते. हिवाळ्यात लोकरी कपड्यातून आपल्याला जाणवणारा चटका याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून वरून धार सोडायची नाही, नळी तळाशी न्यायची. नळीचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवायचा. ड्रम, पंप, रिअ‍ॅक्टर यांना अर्थिंगची क्लिप लावायची, आणि ती रंगावर नाही तर उघड्या धातूवर. प्लॅस्टिकच्या पिशवीतून मॅनहोलमध्ये पावडर झटकणं मी अजूनही बघतो आणि अजूनही घाम फुटतो.

२१ ऑगस्ट २०२४ ला आंध्रातल्या अच्युतापुरम् इथल्या औषध कारखान्यात सॉल्व्हंटची गळती होऊन स्फोट झाला आणि १७ जण गेले. फ्लँजखाली दिसणारा ओला डाग ‘मेंटेनन्सला सांगितलंय’ म्हणून सोडून द्यायची इच्छा होईल तेव्हा ती तारीख आठवा.

परमिट आणि नायट्रोजन

आग टाळायला आपण रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रोजन भरतो आणि तोच नायट्रोजन आत उतरणाऱ्या माणसाला मारतो. त्याला रंग नाही, वास नाही, गुदमरल्याची भावनाही होत नाही. ऑक्सिजन ४ ते ६ टक्क्यांवर असेल तर मिनिटाच्या आत शुद्ध जाते. टाकीत उतरण्याच्या परमिटवर सही करायला सांगितलं तर टेबलावर बसून करू नका. स्वतः जा, नायट्रोजनची लाइन नुसती बंद नव्हे तर सोडवून ब्लाइंड (तोंड बंद करणारी धातूची चकती) मारली आहे का बघा, मीटर वर, मध्ये आणि तळाशी सोडून वाचा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये हवा. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, आतला पडला तर काय करशील. ‘उतरून काढीन’ असं उत्तर आलं तर परमिट परत घ्या. मागून उतरलेलाही जातो, हे त्याला आधी समजावा.

पावडर आणि कचऱ्याचं आवार

पावडरबद्दल थोडक्यात. २९ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टन इथे औषधांसाठी रबरी भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या धुळीचा स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. उत्पादनाची खोली नेहमी स्वच्छ पुसलेली असायची; धूळ साचली होती ती फॉल्स सीलिंगच्या वर. तेव्हा शिडी मागा. सीलिंगचा एक चौकोन उचलून वर बघा.

कचऱ्याच्या आवारात तारखा बघा. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि लेबलवरची तारीख ड्रम भरल्याची हवी, कालच्या तपासणीसाठी लिहिलेली नको. तळोजा किंवा रांजणगावच्या सामायिक केंद्राकडे गाडी निघाली की तिच्याबरोबरच्या फॉर्म १० मधलं वजन आणि आपल्या काट्यावरचं वजन जुळवा.

तिसरा महिना: आता आकडे

आकडे मी मुद्दाम शेवटी ठेवले. आधी ते बघितले तर डोळ्यांवर पट्टी बसते.

३०० माणसं, दिवसाला आठ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ७,२०,००० तास. वर्षात एक अपघात असा झाला की माणूस कामावर येऊ शकला नाही. भारतीय मानक आयएस ३७८६ प्रमाणे दर दहा लाख तासांवर काढलात तर वारंवारता १.३९ येते. अमेरिकी पद्धतीनं दोन लाख तासांवर काढलात तर ०.२८. अपघात तोच, जखम तीच. परदेशी ग्राहकाच्या ऑडिटमध्ये कुठला आकडा सांगितला जातोय हे तुम्हाला कळलं पाहिजे. दुसरा प्रश्न: त्या ३०० मध्ये कंत्राटी कामगार धरलेत का? तासांत धरलेत आणि अपघातांत नाहीत, असंही असतं.

नीअर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या घटनांची वही उघडा. महिन्याला दोन नोंदी आणि दोन्ही ‘हेल्मेट नव्हतं’ अशा असतील, तर लोक बोलत नाहीत एवढंच कळतं. मी एकदा नोंदवणाऱ्याचं नाव लिहायची सक्ती काढून टाकली. पुढच्या महिन्यात साठच्या वर चिठ्ठ्या आल्या आणि व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारलं की प्लांट अचानक इतका धोकादायक कसा झाला. त्यांना समजवायला एक तास लागला. तुमच्यावरही ही वेळ येईल, तयारी ठेवा.

फलक मराठीत आणि इंग्रजीत असतात. रात्रपाळीत ड्रम ढकलणारी निम्मी पोरं बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली असतात. टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी चर्चा, हिंदीत घ्या, पाच मिनिटांत संपवा, आणि शेवटी त्यांच्यापैकी एकाला करून दाखवायला सांगा: सेफ्टी शॉवर कुठे आहे, चालव. त्या वेळी शॉवरमधून गंजाचं लाल पाणी येतं आणि सगळ्यांना एकदमच कळतं की तो कित्येक महिन्यांत कुणी चालवलेला नाही.

तिसऱ्या महिन्यात निदान दोनदा न सांगता पहाटे तीन वाजता प्लांटमध्ये या. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) कुठल्या दिशेला आहे ते बघा, मग त्या दिशेला कंपाउंडबाहेर जाऊन वस्तीजवळ दहा मिनिटं उभे राहा. स्क्रबरचा पंप दिवसा चालू असतो. रात्री त्याचा आवाज येतोय का, ऐका.